आठ बोटं उंच

बाबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बरोबरीचे लोक काशीला जाऊन आले, कोणी घरावर मजला चढवला. आमच्या बाबांनी कामठीला लष्कराच्या लिलावात जाऊन एक भंगार जीप उचलली. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता एक हत्ती पण आणा, दारात बांधाले."

जीप घेण्याला कारण होतं. काटोल रस्त्याला आमचा संत्र्याचा बगीचा होता. दोनशे झाडं, एक विहीर आणि एक राखणदार. आयुष्यभर ड्युटीच्या मधल्या सुट्ट्यांमध्ये जाऊन बाबांनी ती झाडं लावली होती आणि निवृत्तीनंतर दर रविवारी तिथे जायचं हे त्यांनी फार आधीपासून ठरवून ठेवलं होतं. डांबरी रस्ता सुटला की पुढे दीड मैल बैलगाडीची वाट. तिथे एस.टी. जात नव्हती, आणि बाबांचे गुडघे तोवर कामातून गेले होते.

ते गुडघे नोकरीनेच खाल्ले. गार्डाने हिरवा झेंडा दाखवायचा आणि गाडी हलली की मग आपल्या डब्यात चढायचं, अशी ती नोकरी. चालत्या गाडीचा दांडा धरून बाबा हजारो वेळा चढले असतील. या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा माझ्या बी.ए.चा कधी वाटला नाही.

जीप मी चालवायचो. चोवीस वर्षांचा होतो, सरकारी कचेरीत कारकून होतो आणि रविवारशिवाय आयुष्यात काही घडत नव्हतं. बाबा सकाळी सातला तयार असत. काचेची चौकट धरायची, उजवा पाय आत टाकायचा, एक हुंकार द्यायचा आणि बसायचं. बसल्यावर "चाल" म्हणायचं, जणू मी इंजिन ड्रायव्हर आणि ते अजून गार्डच. बगीच्यात पोचले की ते झाडाझाडाशी थांबत, सालीवर नख मारून बघत, राखणदाराला शिव्या देत आणि त्याच्याच बायकोच्या हातची भाकर खात. परत येताना त्यांचा चेहरा असा असे की आईसुद्धा हत्तीची गोष्ट काढत नसे.

त्या वाटेवर एकच अडचण होती. काळी माती. पावसात बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पडायच्या आणि ऊन पडलं की त्या दगडासारख्या वाळायच्या. बैलगाडीची चाकं उंच, तिला काय! आमच्या जीपची चाकं चाकोरीत आणि पोट मधल्या वरंब्यावर. खालून खर्रर्र आवाज आला की बाबा म्हणायचे, "घासली गा पुन्हा."

खरं सांगायचं तर मला त्या घासण्याचं फारसं दुःख नव्हतं. माझं दुःख वेगळं होतं. मला तीन मित्र होते आणि आम्हा चौघांना उमरेडकडच्या जंगलात फिरायचं वेड लागलं होतं. एकदा तिकडे चंद्रपूरच्या कुणा ठेकेदाराची जीप पाहिली. इतकी उंच की तिच्याखालून कुत्रं मान न वाकवता गेलं. तिच्यापुढे आमची जीप म्हणजे फतकल मारून बसलेली म्हातारी. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. आपलीही उंच करायची.

बाबांना मी बगीच्याचं कारण सांगितलं. पोट घासतं, एखाद्या दिवशी मागच्या ॲक्सलचा गोळा फुटेल, मग बसाल पायी चालत. ते लगेच पटले. "कर गा," म्हणाले, "तुले समजते त्यातलं."

कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत एक कमानीवाला मिस्त्री होता. ट्रक, मेटॅडोर, जीप, सगळ्यांचे, गाडीचं वजन पेलणारे कमानपाटे तो भट्टीत तापवून वाकवायचा. त्याची एक खोड साऱ्या नागपूरला ठाऊक होती. गाडीत जे बसणार त्या सगळ्यांना तो आधी आणायला लावी. माणसं गाडीत बसवायची, मग चाकाच्या वर बोटं लावून गाडी किती दबते ते मोजायचं आणि भिंतीवर खडूने रेघ मारायची. "पाटे गाडीसाठी नाई बनवत मी, बसणाऱ्यासाठी बनवतो," असं म्हणायचा. लोक बायकापोरांना घेऊन यायचे, फोटो काढायला आल्यासारखे.

बाबांना ही खोड फार आवडली. जायच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून, बूट बांधून ओसरीवर बसलेले. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही काहून उन्हात येता? मी सांगतो त्याले तुमचं."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बुटाची नाडी सोडायला घेतली.

मी मित्रांना घेऊन गेलो. मिस्त्रीने आम्हा चौघांना बसवलं, मोजलं, उतरवलं. मग म्हणाला, "दोन रस्ते आहेत भाऊ. एक म्हणजे दोन पाटे वाढवतो, कमान जरा चढवतो. गाडी चार बोटं उचलन. नाई तं मंग पाटे ॲक्सलच्या खालून काढतो आणि वर बसवतो. आठ बोटं उचलन. पण आठ बोटं म्हणजे चढणाऱ्यानं पोट्ट्यासारखं उडी मारून चढाव लागते. घरी म्हातारं माणूस कोणी बसते का गाडीत?"

मित्र माझ्याकडे बघत होते. चार बोटांनी वरंबा आरामात चुकला असता, हे मला त्याच क्षणी कळत होतं. बगीच्याला चार बोटं पुरेशी होती. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते कुत्रं मान न वाकवता चाललं होतं.

"नाही," मी म्हणालो. "घरी म्हातारं कोणी नाही."

बाबांवर माझा राग नव्हता, काही जुनी अढी नव्हती. असती तर आज निदान सांगायला कारण तरी झालं असतं. मला आठ बोटं हवी होती, एवढंच. मी मनाशी म्हटलं, बाबांना हात देऊन चढवू, त्यात काय.

मिस्त्रीने पाटे वर घेतले, ते धरून ठेवायला लांब यू-बोल्ट टाकले आणि निघताना बजावलं, "महिन्याभरानं एकदा आणजा. पाटे नव्या जागी बसतात, नट ढिले होतात. कसून देतो."

घरी आणली तेव्हा गल्लीतली पोरं भोवती जमली. बाबांनी दोनदा चक्कर मारून पाहिली. "वा!" म्हणाले. "आता घासणार नाई."

रविवारी सातला ते तयार होते. त्यांनी चौकट धरली, उजवा पाय उचलला. पाय गाडीच्या फरशीपर्यंत पोचला नाही. त्यांनी हात बदलून, अंग तिरकं करून पुन्हा उचलला. गुडघा जिथे अडायचा तिथेच अडला. मी खाली उतरून त्यांच्या कमरेत हात घातला, समोरचा शेजारीही धावत आला. बाबांनी दोघांनाही कोपराने बाजूला केलं.

"चालत्या गाडीत चढलो मी जन्मभर," ते म्हणाले. "आता उभ्या गाडीत मले पोत्यासारखं चढवता का?"

आईने आतून जेवणाचा पाट आणून ठेवला. पाट बुटका, त्याने तीन बोटांचं काम झालं. स्टूल आणलं तर ते अंगणातल्या फरशीवर डुगडुगलं आणि बाबा पडता पडता वाचले. गल्लीतल्या दोन बायका पाण्याच्या घागरी घेऊन थांबून बघत होत्या. बाबांनी स्टूल स्वतःच्या हाताने उचललं, आत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "तू जाऊन पाहून ये गा. मले आज कंटाळा आहे."

पुढच्या रविवारीही त्यांना कंटाळा होता. त्याच्या पुढच्या रविवारी ते म्हणाले की आता त्यात मन लागत नाही. मी ते खरं धरून चाललो. मला ते सोयीचं होतं. बगीच्यात उभ्याउभ्या तासभर जायचं आणि मग गाडी उमरेडकडे वळवायची, इतका मोकळा रविवार मला कधी मिळाला नव्हता. आई एकदा म्हणाली, "गाडी जराशी खाली नाई का करता येत?" मी म्हणालो, "अवं आई, ते काय कपड्यांच्या दोरीसारखं आहे का, खाली-वर कराले?"

बाबा गाडीविषयी फक्त एकच गोष्ट विचारायचे. "नट कसून आणले का रे मिस्त्रीकडून?" महिना झाला तेव्हा विचारलं. दोन महिन्यांनी विचारलं. दिवाळीच्या सुमारास तर आठवड्यातून एकदा. मी दरवेळी "नेतो नेतो" म्हणायचो. शेवटी चिडलो, घरातला पाना घेतला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आडवा होऊन सगळे नट कसले. "झालं समाधान?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "मिस्त्रीनं कसले असते तं बरं झालं असतं." म्हाताऱ्या माणसाचं टुमणं, दुसरं काय, असं मला वाटलं. घरी म्हातारं माणूस आहे हे मला अशा वेळी बरोबर आठवायचं.

मालक येत नाही म्हटल्यावर राखणदार ढिला पडला. बहाराच्या वेळी झाडांना ताण द्यायला पाणी तोडायचं ते तोडलं नाही, मग द्यायचं ते दिलं नाही. झाडं वरून वाळत चालली. शेजारचा शेतकरी बगीचा मागत होता. बाबांनी मला एकदाच विचारलं, "तू जात जाशील का तिकडं, नीट लक्ष घालून?" मी म्हणालो, मला कुठे वेळ असतो. दुसऱ्या महिन्यात विक्री झाली. सही करायला नोंदणी कचेरीत जायचं होतं, तेव्हा बाबा सायकल रिक्षाने गेले. मी जीप घेऊन मागून गेलो. रिक्षाच्या मागे ती उंच जीप हळूहळू चालवताना काय वाटलं ते त्या वेळी मी मला कळू दिलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी जंगलातल्या एका नाल्यात पाटा तुटला. झक मारत मिस्त्रीकडे जावं लागलं. त्याने मला ओळखलं, गाडीखाली वाकून पाहिलं आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात एक लोखंडी पायदान होतं. दोन पट्ट्या, खाली जाळीची पायरी, कडा घासून गोल केलेल्या. वर धुळीचा थर.

"हे घ्या," तो म्हणाला. "किती दिवस खिळ्याले लटकून आहे. बाबूजीच्या गाडीची वाट पाहून राहिलो मी."

"कोण बाबूजी?"

"तुमचे वडील ना! तुम्ही गाडी नेली, त्याच्या महिन्याभरानं आले होते. पेन्शन घेऊन, रिक्षानं. मी त्यांना बाकावर बसवलं, गुडघा किती वर उचलते ते दोरीनं मोजलं आणि त्या मापाचं बनवलं. मले म्हणाले, पोराले सांगू नका मी आलो होतो. तो नट कसाले आणन गाडी, तेव्हा लावून द्या. म्हणा, आपल्याच मनानं लावलं."

मी पायदानावरची धूळ बोटाने पुसली. मिस्त्री पुढे बोलला. "मी तं चाटच पडलो भाऊ. मी म्हटलं, बाबूजी, तुमचा मुलगा तं म्हणाला घरी म्हातारं कोणी नाई. तं ते हसले. म्हणाले, बरोबरच सांगतलं त्यानं. मी कुठी म्हातारा झालो!"

म्हणजे बाबांना पहिल्या महिन्यापासून सगळं माहीत होतं. मी काय बोललो ते माहीत असूनही ते आठवड्यामागून आठवडे मला नट कसायला सांगत होते. बगीच्याला जायची त्यांनी स्वतःपुरती एक वाट करून ठेवली होती, मला लाज वाटू नये अशी. मला फक्त गाडी कॉटन मार्केटपर्यंत न्यायची होती. मी त्या गल्लीत, ट्रकच्या टायरवर बसून रडलो. मिस्त्रीला वाटलं वडील गेले. त्याने टोपी सारखी केली आणि विचारलं, "कधी झालं?" मी म्हणालो, "नाही, घरी आहेत."

मिस्त्रीने पाटा बदलला, पायदान लावलं. गाडी घरी आणली तेव्हा बाबा ओसरीवर खुर्चीत होते. त्यांची नजर पहिली गेली ती पायदानावर.

वाटेत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. ऐन वेळी तोंडातून निघालं ते त्यांनीच मिस्त्रीला शिकवलेलं वाक्य. "मिस्त्रीनं आपल्याच मनानं लावलं, बाबा."

"हो का?" म्हणत ते उठले. चपला घातल्या. अंगणात आले, चौकट धरली, पायदानावर पाय ठेवला, एक हुंकार दिला आणि कोणाचाही हात न लागता आत बसले. आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मी पळत दुसऱ्या बाजूने जाऊन बसलो आणि गाडी सुरू केली. बाबा "चाल" म्हणतील म्हणून थांबलो.

ते म्हणाले नाहीत. समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"कुठं नेऊ बाबा?" मी विचारलं.

"आता कुठी जातं गा," ते म्हणाले. "बंद कर. इथंच बसू थोडा वेळ."

मी इंजिन बंद केलं. अंगणात आम्ही दोघे जीपमध्ये बसून राहिलो. माझ्या ओठांवर माफीचे शब्द येऊन परत जात होते. त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले, पण ते शब्द मी कधीच बोललो नाही. त्या दिवशी मात्र त्यांनीच विचारलं.

"नट कसले ना त्यानं सगळे?"

"हो बाबा," मी म्हणालो. "कसले."