वडिलांचे खाके

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमला राहत होतो. एक युरोपियन बाई इथल्या जुन्या नक्षीवरून पडद्यांची कापडं करायला आल्या होत्या. त्यांना दुभाषी हवी होती, मी गेले.

मैलापूरला दोन भाऊ सोन्याच्या वर्खाची तंजावरी चित्रं करत. घरात मराठीच, पण फार जुनी, तमिळ हेल काढून बोललेली. थोरल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचे गाव कोठे?" मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

बाईंना देवांपेक्षा भोवतीच्या महिरपी आवडत. एकदा थोरला देवळात गेलेला असताना धाकट्याने वडिलांच्या हातचे खाके त्यांना दिले. त्या पिवळ्या कागदांवरूनच सगळी चित्रं उतरत. "येथे वाळवी खाईल. यांच्यापाशी राहतील," तो म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्याला सहज म्हणाले, "बाई खाके किती जपतात हो, दादा."

"कोठले खाके?"

मी जीभ चावली. त्याने ट्रंक उघडली, रिकामी पाहिली आणि चौकटी ठोकायची हातोडी उचलली. धाकटा खाली बसून वर्ख कापत होता. थोरल्याने त्याच्या उजव्या हातावरच घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. लगेच दुसरा घाव. बाई मधे पडल्या, तर त्याने त्यांना कपाटावर ढकललं. काच फुटून त्यांच्या दंडात घुसली. मी त्याचं मनगट धरलं आणि कडकडून चावले. हातोडी पडली.

"अण्णा, पुरे. पुरे, अण्णा," धाकटा एवढंच म्हणत होता.

थोरल्याने तो चेचलेला हात पाहिला आणि भिंतीवर कपाळ आपटायला लागला. रक्त आलं तरी थांबेना.

दवाखान्यात धाकटा म्हणाला, जिन्यावरून पडलो. मी मान डोलावली आणि बाईंना ते इंग्रजीत सांगितलं. दंडाला टाके घातलेल्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही खोटं सांगताय. पोलिसांत चला." मी नाही म्हटलं. त्यांनी खाके माझ्या हातात दिले आणि आठवड्याभरात मायदेशी गेल्या.

खाके परत द्यायला गेले, तेव्हा धाकटा डाव्या हाताने चित्रावर खडे चिकटवत होता. आधी धाकटा काढायचा त्या रेघा आता थोरला काढत होता. दोघं बोलत नव्हते. गुंडाळी थोरल्याने घेतली, माझ्याकडे न बघता.

आतून धाकट्याने हाक मारली, "ताई, या ना आत."

माझ्या एका वाक्याने त्याचा हात गेला होता. मी चपलाही काढल्या नाहीत, दारातूनच परत फिरले.