फोल्डिंग खात्यातले गुणाजी

१९८२च्या गिरणी संपाआधी गुणाजी परब लोअर परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. साच्यांवरून, म्हणजे मागांवरून, उतरलेल्या कापडाच्या घड्या घालण्यात चौदा वर्षं गेली. संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही. १९९६ साली ते परळच्याच एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला आणि पेशी वाढवायच्या उबदार कपाटाकडे बघायला होते. नेमणूक वर्षाची. ती संपायला आठ दिवस असताना, सोमवारी, संशोधक लतिका कामतांच्या पेशी बिघडलेल्या निघाल्या. पेशींनी प्रथिनं बनवणं जवळजवळ थांबवलं होतं.

"शनिवारी कपाटाचं दार उघडं टाकलंस तू," रमाकांत म्हणाला. तो मुख्य तंत्रज्ञ. नेमणूक त्याच्या शिफारशीवर चाले. "भोंगा झाला की सुटायला ही गिरणी नाही."

"लावलं होतं, साहेब. कडी दोनदा ओढून बघितली."

लतिकाने त्या पेशींच्या बाटल्या फेकायला दिल्या. गुणाजींनी त्या घेतल्या, पण हलले नाहीत. "बाई, यांचे साचे मोडलेत की थांबवलेत?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे घड्या चुकून माल तुंबला की मास्तर साचे थांबवायचे. मग घडीला जादा माणसं, बिघडलेला माल चिंध्यांत. बाहेरच्याला वाटायचं, गिरणी मेली."

लतिकाने बाटल्या परत घेतल्या. प्रथिनाची साखळी नीट दुमडली तरच कामाची. चुकीची दुमडलेली प्रथिनं साचली की पेशी नवं उत्पादन रोखते, दुमडायला मदत करणारी प्रथिनं वाढवते, बिघडलेली मोडीत काढते. हे तिला पाठ होतं. इथे तपासायचं मात्र सुचलं नव्हतं.

बुधवारी निकाल आला. मदतनीस प्रथिनं कितीतरी पटींनी वाढली होती. दार उघडं राहून पेशी नुसत्या गारठल्या असत्या तर ती अशी वाढली नसती. पेशींच्या अन्नातली साखर संपली की मात्र ती वाढतात. बऱ्याच प्रथिनांना नीट दुमडायला साखरेची जोड लागते. शनिवारी अन्न बदलायचं काम लतिकाचं होतं. ती गिरगावात मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेली होती.

"वा, मॅडम! साखर सगळी तिकडेच वाटलीत," रमाकांत म्हणाला. गुणाजींकडे त्याने पाहिलं नाही.

"आणि एवढं करून तुंबलेलं सुटलंच नाही तर?" गुणाजींनी विचारलं.

"मग पेशी स्वतःला संपवते."

"किती वाट बघते?"

"फार नाही. एखाद-दोन दिवस."

"संपात आम्ही दीड वर्ष बघितली," गुणाजी म्हणाले आणि बाटल्या धुवायला गेले.

लतिकाने नोंदवहीत चूक स्वतःच्या नावावर लिहिली आणि वही रमाकांतपुढे ठेवली. शुक्रवारी गुणाजींच्या नेमणुकीचा कागद आला. पुढचं एक वर्ष. कामांच्या यादीत एका ओळीची भर होती: शनिवारी पेशींचं अन्न बदलणे.