टाचेखालचा धागा

अख्ख्या सोलापुरात माणसाला चेहऱ्याऐवजी घोट्यांवरून ओळखणारा एकच इसम होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या घरात राहत होता. गल्ली त्यांना मामा म्हणे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास साखर पेठेतल्या आमच्या कबड्डी संघाला शिकवण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. एका लग्नात नवरदेवाशी ओळख करून दिली, तर मामा वाकून त्याचे पाय बघत राहिले आणि वधूपित्याला म्हणाले, "उजवा घोटा जरा आखडलाय की." त्या गृहस्थाला पुढे जेवण गेलं नाही.

मामा विलक्षण भित्रे होते, आणि त्यांची भीती साथीसारखी आम्हाला लागली. आम्ही सगळे दिवसा मागावर बसणारे, हाताने धोटा फेकून पायाने पावड्या दाबणारे. घोटा मोडला तर माग बंद पडेल आणि मागोमाग घरची चूलही, हे त्यांच्या डोक्यातून कधी जात नसे. म्हणून सरावाआधी ते आम्हाला उकिडवं बसवत आणि प्रत्येकाच्या टाचेखाली सुताचा धागा सरकवून ओढत. धागा तुटला म्हणजे टाच पक्की टेकली. अख्खा निघून आला तर त्या दिवशी मैदानात जायचं नाही. सूत तुटल्यावर खूश होणारा विणकर मी तेवढाच पाहिला. दातसुद्धा एका पायावर उभं राहून, डोळे मिटून घासायचे. या प्रकारात मी एकदा रंगाच्या घमेल्यात पडलो आणि कितीतरी दिवस निळ्या कोपराने हिंडलो. ओट्यावरून उड्या मारायला लावत, तेव्हा स्वतः पाठ करून बसत आणि फक्त ऐकत. पाय वाजले की म्हणत, "परत."

सामना मात्र त्यांना बघवत नसे. ते मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांच्या पायांकडे बघत आणि त्यावरून आत काय चाललंय ते ताडत. अक्कलकोटच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई माझी होती. समोरच्यांनी साखळी धरून मला कोंडलं. सामन्यात उडी मारायची नाही अशी मामांची ताकीद होती, तरी मी मारली. साखळीवरून गेलो, रेषा गाठली आणि वाकड्या पायावर पडलो. घोट्यातून कळ डोक्यात गेली. उद्या मागावर बसता येणार नाही, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मामांना एवढंच दिसलं, की प्रेक्षकांचे उड्या मारणारे पाय एकदम थांबले. ते धावत आले. आपण जिंकल्याचं कुणीतरी सांगत होतं, ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांनी धोतराच्या काठाचा धागा उपसला, मला उकिडवं बसवलं. तोंडाने तेलुगूत देवाचा धावा चालू होता.

"टाच टेकव, लेकरा."

मी दात खाऊन टेकवली. त्यांनी ओढला. धागा तुटला. मामा तिथेच मातीत बसून रडले, आणि मग त्यांनी कुणाला तरी विचारलं, "जिंकलं कोण?"

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत राहतो, गुडघे कुरकुरतात. कधीतरी सकाळी गॅलरीत उकिडवा बसून टाचेखाली धागा सरकवून बघतो. तो अख्खा निघून येतो. मी तो बोटाला गुंडाळत बसतो. आज जायचं न्हाय म्हणून दरडावणारं, माझ्या पायाची धास्ती घेणारं आता कुणी नाही. मग उठतो आणि कठडा धरून जिना उतरतो.