दिव्याच्या आधी

कागलच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर माणूस घेण्याआधी त्याची चपळाई मोजायचं काम माझं. मी टेबलाखालून लाल दिवा लावायचा, समोरच्यानं तो दिसताच बटण दाबायचं. उचगावची एक बाई पदर खोचून बसली आणि तिन्ही वेळा दिव्याच्या आधीच बटण दाबून मोकळी झाली.

"मावशी, दिवा बघून दाबा, नाहीतर काम मिळायचं न्हाय."

"दिव्याकडं कोण बघतंय? म्हस लाथ मारायच्या आधी कान हलवती. तुमचा बी हलतोय की, सायेब."

रांगेतले सगळे माझा कान बघायला उठले. हसून हसून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शेवटी कान घट्ट धरून दिवा लावला, तेव्हा ती रीतसर पास झाली.

आता दर परीक्षेला मी कान धरूनच बसतो. नवे उमेदवार हळूच विचारतात, साहेबांचं काय चुकलंय?