लिंडसे नोस्केचा एकच ठोसा

गेल्या महिन्यात आम्ही लिंडसे नोस्केला पुरलं. चर्चमध्ये पाद्रीबाबा त्याच्याविषयी चार बरे शब्द बोलत होते आणि माझ्या मागच्या बाकावर दोघे कुजबुजत होते, "ह्यानंच आपला कप घालवला ना त्या साली? ठोसा मारला होता तोच ना हा?" माझं डोकंच फिरलं. माणूस पेटीत पडलाय, एवढ्या आयुष्यात त्याने गावाची शंभर कामं केली, आणि यांना आठवतो काय, तर एक ठोसा. मी मागे वळून असं बघितलं की दोघंही स्तोत्राच्या पुस्तकात तोंड खुपसून बसले.

तर तो ठोसा काय होता ते मी सांगते. मला माहीत आहे, कारण मैदानावरचं कँटीन तेव्हा मीच चालवत होते, आणि थेल्मा पेड्रिक माझ्या शेजारी उभी राहून पावाला लोणी लावायची.

लिंडसेची आई तो लहान असतानाच गेली. बाप गव्हाच्या शेतात राबणारा, तोंडातून शब्द न काढणारा. कुंपणापलीकडे पेड्रिकांचं घर, तिथे थेल्माचा मुलगा रसेल, लिंडसेच्याच वयाचा. लिंडसे सकाळी कुंपण ओलांडून जायचा तो रात्री जेवूनच परत यायचा. थेल्मा दोघांना एकाच टबात घासायची, दोघांच्या पाठीत एकाच हाताने धपाटे घालायची. तो तिला थेल आंटी म्हणायचा, पण आजारी पडला की घर सोडून तिच्याकडेच येऊन झोपायचा.

मोठे झाल्यावर दोघंही आमच्या नारिप गावाच्या फुटबॉल संघात आले. आमच्याकडचा फुटबॉल हातात धरून पळायचाही असतो. लिंडसे ताडमाड उंच, म्हणून पंचाने चेंडू वर उडवला की उडी मारून तो खाली ढकलायचं काम त्याच्याकडे. रसेल बुटका आणि चपळ, चेंडू बरोबर त्याच्या हातात पडायचा, मग तो पळत सुटायचा. सगळं गाव मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांचे भोंगे वाजवायचं ते रसेलसाठी. त्याला चेंडू दिला कोणी, हे कोण बघतंय! मी एकदा लिंडसेला म्हटलं, "लेका, कष्ट तुझे आणि भोंगे त्याचे." तो हसला आणि म्हणाला, "नोरीन, मला गोंगाट सोसत नाही." लबाड नव्हता तो, खरंच सोसत नव्हता.

आमच्या सात गावांच्या लीगमध्ये दर वर्षी एकाच खेळाडूला पदक मिळतं. ते ठरवतो पंच. सामना संपला की पंच आपल्या खोलीत दार लावून बसतो आणि मैदानावरच्या सगळ्यांत उत्तम खेळाडूला तीन मतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, असं लिहून पाकीट बंद करतो. हंगाम संपेपर्यंत ती पाकिटं कोणी उघडायची नाहीत. सप्टेंबरात हॉलमध्ये सगळ्यांसमोर एकेक उघडून वाचतात. आणि हे पदक नुसतं उत्तम खेळणाऱ्याचं नाही, सभ्य खेळणाऱ्याचंही आहे. वर्षभरात एकदा जरी मारामारीसाठी शिक्षा झाली, तर तुमची मतं डोंगराएवढी असली तरी पदक मिळत नाही. ज्याला मिळतं त्याचं नाव हॉलमधल्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरात लिहितात. नारिपचं नाव त्या फळ्यावर कधीच लागलं नव्हतं.

त्या वर्षी रसेल असा काही खेळत होता की दुसऱ्या गावचे लोकसुद्धा म्हणायचे, पाकिटं उघडायची गरजच काय. आणि जुलैमध्ये वाळूच्या टेकाडावर ट्रॅक्टर उलटला आणि रसेल त्याच्याखाली गेला. लिंडसेनेच त्याला बाहेर काढलं. पुढचं मला सांगवत नाही.

पुढच्या शनिवारी सामना रद्द झाला. त्याच्या पुढच्या शनिवारी लिंडसे खेळायला आला. चेंडू खाली ढकलायचा तर आता खाली रसेल नव्हता. मग तो स्वतःच ढकलायचा, स्वतःच खाली वाकून उचलायचा आणि पळत सुटायचा, त्या लांब लांब तंगड्यांनी. पिसाटल्यासारखा खेळायचा. अकरा वर्षांत आम्ही जो लिंडसे पाहिला नव्हता तो आम्हाला रसेल गेल्यावर दिसला. भोंगे आता त्याच्यासाठी वाजायला लागले, आणि तो सामना संपताच मान खाली घालून निघून जायचा.

कँटीनमध्ये दर शनिवारी तोंडी हिशेब चालायचे. रसेलला इतकी मतं पडली असणार, लिंडसे आता इतका जवळ आला असणार. थेल्मा समोर आहे हेही लोकांना कळू नये? ऑगस्टच्या शेवटी कोणीतरी बोललाच, "लिंडसे मागे टाकणार बघ रसेलला." थेल्माच्या हातातली सुरी थांबली. ती मला म्हणाली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता, "नोरीन, मला पदक नको. रसेलचं नाव फक्त त्या फळ्यावर लागू दे. थडग्यावरचं मला वाचवत नाही."

लिंडसे तेव्हा काउंटरपाशी चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने कप तसाच खाली ठेवला आणि गेला. मी पाहिलं, आणि मला वाटलं, बिचाऱ्याला दुःख अनावर झालं. मला तरी कुठे अक्कल होती.

पुढच्या शनिवारी साखळीतला शेवटचा सामना होता, त्यानंतर बाद फेरी. खेळाच्या चार भागांपैकी दोन होईपर्यंत लिंडसेसारखा कोणीच नव्हता मैदानावर. त्याच्या खालोखाल समोरच्या संघाचा ट्रेव्हर ग्नील. आणि तिसऱ्या भागात, चेंडू पार दुसऱ्या टोकाला असताना, लिंडसे शांतपणे चालत गेला आणि त्यांच्या रॉस नावाच्या एका पोराच्या तोंडावर ठोसा मारला. पंचाच्या अगदी डोळ्यांसमोर. पंच इकडे वळेपर्यंत तो थांबला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोराचे दोन दात गेले. लिंडसे त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि त्याचं डोकं धरून राहिला. पंचाने खिशातलं कार्ड काढून तक्रारीसाठी त्याचा नंबर लिहिला.

लीगच्या समितीपुढे त्याला विचारलं, समोरच्याने शिवी दिली का, ढकललं का? सगळे त्याच्यासाठी पळवाट शोधत होते. तो म्हणाला, "त्याने काही केलं नाही. मी मारलं." चार सामन्यांची बंदी आली. त्याच्याशिवाय आम्ही बाद फेरीचा पहिलाच सामना हरलो आणि कप गेला. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. रॉसच्या घरी मात्र तो दोनदा जाऊन आला आणि दातांच्या डॉक्टरचं बिल भरून आला.

पाकिटं उघडायची संध्याकाळ आली. थेल्मा माझ्या शेजारी बसली होती, चर्चला जायचा कोट घालून. लिंडसे दारापाशी भिंतीला टेकून उभा होता, कोणी त्याला खुर्चीसुद्धा सरकवली नाही. लीगचे सेक्रेटरी एकेक फेरी वाचायला लागले. रसेल पेड्रिक, तीन मतं. रसेल पेड्रिक, दोन मतं. प्रत्येक वेळी थेल्मा मान हलवायची, जणू कोणी तिच्या पोराची ख्यालीखुशाली सांगतंय. जुलै आला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता, एकोणीस मतांवर. मग त्याचं नाव यायचं बंद झालं. पाकिटं उघडत होती, बाकीचे पुढे सरकत होते आणि रसेल एकोणीसवरच थांबला होता.

लिंडसे नोस्के, तीन. लिंडसे नोस्के, तीन. पुन्हा तीन. शेवटच्या फेरीआधी लिंडसे एकवीसवर होता, रसेल एकोणीसवर, ग्नील सतरावर. लिंडसेला पदक मिळणार नव्हतं, ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे रसेलच. थेल्माने माझा हात धरला, आणि दारापाशी लिंडसेने डोळे मिटून घेतले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो ठोसा कोणासाठी होता ते मला कळलं.

सेक्रेटरींनी शेवटचं पाकीट उघडलं. ज्याची तक्रार स्वतःच लिहून घेतली त्याला कुठला पंच मतं देणार? लिंडसेची तीन मतं त्याच्या खालोखाल खेळणाऱ्याला गेली.

"ट्रेव्हर ग्नील," सेक्रेटरी म्हणाले, "तीन मतं."

ग्नील वीस. एका मताने. त्याच्या गावचे लोक टाळ्या वाजवायला उठले आणि आमच्याकडे बघून अर्ध्यातच थांबले. ग्नील चांगला माणूस, तोही पदक घ्यायला लाजत लाजत गेला.

थेल्माने माझा हात सोडला. ती खुर्च्यांमधून वाट काढत सरळ दारापाशी गेली, आणि मी तिच्या मागे.

"तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

लिंडसेने मान खाली घातली.

"मी त्या दिवशी काउंटरपाशी बोलले म्हणून?"

"तुम्हाला त्याचं नाव हवं होतं, थेल आंटी." लिंडसे म्हणाला. "मी आडवा येत होतो."

मला वाटलं ती त्याला जवळ घेईल. तिने त्याच्या छातीवर मूठ मारली, मग दुसरी मारली. एवढासा जीव तिचा, तिचं डोकं त्याच्या खिशापर्यंत पोचायचं, आणि तो उभ्या उभ्या मार खात राहिला.

"मूर्खा," ती म्हणाली, "तुझं नाव लागलं असतं तर मी रोज येऊन वाचलं असतं. ते माझ्याच पोराचं नाव होतं. एकाला देवाने नेलं. तुला कोणी सांगितलं होतं जायला?"

त्यानंतर लिंडसे पुन्हा मैदानात उतरला नाही. थेल्मा असेपर्यंत तिचं शेत त्यानेच पेरलं, दर रविवारी तिच्याकडेच जेवला, पण शनिवारी खेळ सुरू झाला की तो टेकाडापलीकडे कुंपणं दुरुस्त करायला जायचा, जिथे भोंगे ऐकू येत नाहीत. त्या सालापुढे फळ्यावर ग्नीलचं नाव आहे. थेल्मा त्या हॉलमध्ये पुन्हा कधी आली नाही.