फोन गाडीत ठेवलास का?

मार्लिस दारात आली की व्हर्ना ‘ये’ म्हणायची नाही. आधी विचारायची, “फोन गाडीत ठेवलास का?” पोटची लेक, साठीला टेकलेली, थंडीत हातात गरम भांडं घेऊन उभी, पण पहिला प्रश्न हाच. ‘हो’ म्हटलं की मात्र पुरे. व्हर्ना बाजूला व्हायची.

हे सगळं धाकट्या भावामुळे, डुएनमुळे. इंटरनेटवरून एका शाळकरी पोरीला नादी लावून त्यानं नको ते केलं, तुरुंगात गेला, आणि सुटला तो थेट आईच्या घरी. अट अशी, की तो राहील त्या घरात इंटरनेट चालणारी वस्तू नको. सापडली तर स्वारी परत आत. व्हर्नानं घरचं इंटरनेट बंद केलं. टॅब्लेट मार्लिसच्या हाती देऊन म्हणाली, “तूच ने गं बाई हा.” रोज सकाळी मायलेकी आपापल्या घरी कॉफी घेऊन त्याच टॅब्लेटवर गप्पा मारायच्या. ते संपलं.

बापाच्या आजारपणात खस्ता खाल्ल्या मार्लिसनं. दर हिवाळ्यात अंगणातला बर्फ काढायची सोय केली मार्लिसनं. आणि ओव्हनमध्ये रूबार्बची आंबटगोड पाई भाजली जाते कुणासाठी? या दिवट्यासाठी! मार्लिसच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तोंडानं ती ‘त्या बिचाऱ्या पोरीचं काय’ म्हणायची, आणि ते खरंही होतं. पण पोटात जळत होता तो हेवा, निखळ हेवा. नातवंडं झाली म्हणून तो काही विझत नाही.

ऐन फुटबॉलच्या मोसमात व्हर्नाचा टीव्ही बंद पडला. विस्कॉन्सिनमध्ये रविवारची मॅच चुकली की घरात सुतक. मार्लिस दुकानात गेली. विक्रेता कौतुकानं म्हणाला, “यात इंटरनेट आतच आहे, मॅडम. वेगळं काही जोडायला नको.” साधा टीव्ही शेजारीच होता. मार्लिसनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यावर बोट ठेवलं. सरकारतर्फे डुएनवर देखरेख ठेवणाऱ्या टॉलेफ्सनबाई न सांगता घर तपासायला येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ‘माझ्या लक्षातच आलं नाही’ हे वाक्यही तिनं वाटेत घोकून ठेवलं. शनिवारी आई चर्चच्या कामाला गेलेली पाहून तिनं खोकं दारात ठेवलं आणि निघून आली.

रविवारी मॅचच्या वेळेला ती पोचली, तर दारात टॉलेफ्सनबाईंची गाडी. तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला?

पण खोकं ओसरीवर तसंच बंद होतं. शेजारी डुएन हाताची घडी घालून उभा.

“हा आणला कुणी?” टॉलेफ्सनबाईंनी विचारलं.

घोकलेलं वाक्य म्हणायला मार्लिस पुढं झाली.

“मीच मागवला,” व्हर्ना म्हणाली. “मला म्हातारीला काय कळतंय त्यातलं? डुएननं खोक्यावरचं वाचलं आणि उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. घरच्या साध्या फोनवरून तुम्हाला कळवलंही त्यानंच.”

“बरं केलं. आजच परत पाठवा.” बाई गेल्या. डुएन खोकं उचलून मार्लिसच्या गाडीकडे निघाला.

“दुकानदारानं तुला सांगितलं होतं?” व्हर्नानं विचारलं.

“सांगितलं होतं.” मग मार्लिसचा बांध फुटला. “तुला पहिल्यापासून तोच लाडका, आई! मी मेले काय नि जगले काय!”

“लाडका? अगं, आणखी कुणाची पोर त्याच्या हाती लागू नये म्हणून पहारा देत बसलेय मी इथं. पाई भाजते, म्हणजे तो घरात बसतो, माझ्या डोळ्यांसमोर. त्याला लाड म्हणतेस?” व्हर्ना खुर्चीत टेकली. “तुझ्यावर कधी नजर ठेवावी लागली नाही मला. तेवढं एकच सुख होतं.”

पुढल्या रविवारी मार्लिस साधा टीव्ही घेऊन आली. व्हर्ना दारातच उभी होती.

“फोन गाडीत ठेवलास का?”

“हो.”

“पर्स उघड,” आई म्हणाली.