तोमोए कुरोसेने अडवलेलं वाण

तोमोए कुरोसे आमच्या भात संशोधन केंद्रात रुजू झाली तेव्हा तिला मोरीजवळचं टेबल मिळालं. कृषिशास्त्राची पदवी आम्हा सगळ्यांसारखीच. पण पाहुणे आले की चहासाठी माना तिच्याकडेच वळायच्या. ती चहा द्यायची आणि पुन्हा खाचरात उतरायची. माझं काम मातीचं, तिचं बियाण्याचं. शेजारी बसून तिची उमेदीची सगळी वर्षं मी पाहिली.

तिचे वडील जपानच्या उत्तरेला, इवातेच्या डोंगरात, एका अरुंद दरीत भात पिकवत. ऐन उन्हाळ्यात समुद्रावरून गार वारा सुटला की दरीत धुकं साचायचं आणि लोंब्या भरायच्याच नाहीत. उभं पीक कापून गुरांपुढे टाकणारे वडील तिने लहानपणी पाहिले होते. थंडीत तग धरणारं भात तयार करायचं, एवढ्यासाठीच ती शिकली.

ते काम डोळ्यांत तेल घालून करायचं. फुलोऱ्यातली लोंबी कोमट पाण्यात बुडवायची, म्हणजे तिचे स्वतःचे पराग मरतात. मग दुसऱ्या जातीचे पराग तिच्यावर झटकायचे. पुढे वर्षानुवर्षं पेरायचं, निवडायचं, उरलेलं उपटून टाकायचं. रोपांची परीक्षा घ्यायला ती खाचरात मुद्दाम गार पाणी सोडायची. असं करता करता दहा-अकरा वर्षं गेली. मधे लग्नासाठी स्थळं आली, तीही नेमकी फुलोऱ्याच्या दिवसांत. "आत्ता कसं जमेल?" म्हणत तिने ती परतवली.

१९९३ च्या उन्हाळ्यात सूर्य जणू उगवलाच नाही. सगळ्या उत्तरेत भात ताठ उभं राहिलं. रिकामी लोंबी वाकत नाही. देशावर परदेशी तांदूळ खायची वेळ आली. आमच्या केंद्रात एका तुकड्यातलं भात मात्र दाण्यांनी वाकलं होतं, आणि तो तुकडा तोमोएचा होता. आमचे प्रमुख ओनोदेरा-सान चिखलात उभे राहून रडले.

"कुरोसे-सान, हे लवकरात लवकर शेतकऱ्यांच्या हातात द्यायचं. नाव शोधून ठेवा!"

पुढच्या वर्षी तेच वाण तिने ठिकठिकाणी लावून पाहिलं. एक खाचर तिने मुद्दाम धुक्याच्या दरीत घेतलं. कापणीच्या तोंडावर ती तिथून परतली आणि तिने माझ्या टेबलावर एक लोंबी ठेवली. लोंबीची मान काळी पडून मोडली होती. करपा! थंडी सोसणारं ते भात ओलसर हवेत या रोगापुढे टिकत नव्हतं.

बैठकीत तिने ते सांगितलं तेव्हा ओनोदेरा-सान यांचा आवाज चढला.

"एका खाचरात! कुणी भात लावणार नाही अशा जागी!"

"माझे बाबा लावतात," ती म्हणाली.

"मग औषध फवारतील."

"गावात सगळी म्हातारी माणसं उरलीत, साहेब. किती वेळा फवारतील? मी शिफारस करणार नाही."

"अहो, लोक आशेवर बसलेत!"

"म्हणूनच."

तिच्या शिफारशीशिवाय वाण पुढे जाणं शक्य नव्हतं. ते तिथेच थांबलं. "स्वतःचं पोर स्वतःच्या हाताने पुरलं बाईने," असं कुणीतरी जेवणाच्या खोलीत म्हणालं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पुढच्या एप्रिलमध्ये तिची बदली सोयाबीन विभागात झाली.

त्याआधी, हिवाळ्यात तिचे वडील केंद्रावर आले. बर्फाने भिजलेली टोपी हातात धरून उभेच राहिले.

"बाकीच्यांना नको देऊस. मला दे. पिशवीभर बी."

"बाबा, करपा तुमच्या बांधावर थांबणार नाही. शेजारच्यांचंही जाईल."

"आणि परत तसा उन्हाळा आला, तर मी काय खाऊ? तुझी पदवी?"

तिने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. वडील चहाला हात न लावता निघून गेले. बुडालेल्या पिकाचं कर्ज फेडायला साठी उलटलेला तो माणूस उरलेला हिवाळा तोक्योत बांधकामावर राबला आणि कंबर धरून परत आला. कितीतरी दिवस बापलेकीचं बोलणं बंद होतं. ती नववर्षाला घरी जायची, देवघरापुढे हात जोडायची आणि लगेच परतायची.

तिचं बरोबर होतं की चूक, याचा निकाल कधीच लागला नाही. तसा उन्हाळा लगेच पुन्हा आला नाही. तेवढ्यात दुसऱ्या केंद्राने थंडी आणि करपा दोन्ही सोसणारं एक वाण काढलं, आणि बघता बघता दरीतल्या लोकांनी ते उचललं.

एका शरदात तिच्या नावाने तांदळाचं पोतं आलं. पाठवणारे वडील, तांदूळ त्या नव्या वाणाचा. तिने तो केंद्रातच शिजवला, माझ्यापुढेही वाटी ठेवली. लोणच्याबरोबर आम्ही खात होतो. ती फार सावकाश चावत होती.

"चांगला आहे," शेवटी ती म्हणाली. "माझ्यापेक्षा मऊ आहे."

मग तिने तिथूनच घरी फोन लावला. म्हातारा फोनवर ओरडून बोलायचा, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"खाल्लास?"

"खाल्ला, बाबा."

"यंदाही धुकं होतं. पण टिकलं."

"हो."

"दमली असशील. नववर्षाला जरा जास्त दिवस राहा."

ती सोयाबीन विभागातूनच निवृत्त झाली. तिच्या भाताला नाव कधी मिळालं नाही.